‘ऐकले’ या रकान्यात

(घाटातला रस्ता, सकाळचे अकरा. गाडी बायको चालवते आहे. तिला नवरा ‘अगं’ म्हणतो. शेजारी मांडीवर दुर्बीण घेऊन नवरा बसला आहे. त्याला ती ‘अहो’ म्हणते. लग्नाला एकोणतीस वर्षं झाल्यावर दोघांच्या नावांपैकी वापरात एवढीच उरली आहेत, म्हणून तीच लिहिली आहेत.)

अगं : …आणि अस्वल दिसलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात? “हं.” अख्खं अस्वल, मागे दोन पिल्लं, आपल्यापासून चाळीस पावलांवर, आणि माणूस म्हणतो, “हं.” जसं काही दूधवाला येऊन गेला!

अहो : रस्ता बघ. पुढं वळण आहे.

अगं : वळणं मला दिसतात. भिंग तुमच्या डोळ्यांत बसवलंय, माझ्या नाही. मुद्दा टाळू नका. दोन राष्ट्रीय उद्यानं झाली, आज तिसरं, आणि वही कोरी. दुर्बिणीची झाकणंसुद्धा काढली नाहीत. काल कोल्हा भर रस्त्यात येऊन बसला, जणू म्हणत होता, या साहेब, नोंद करा. तर तुम्ही त्याच्याकडे पाठ करून टायरमधली हवा बघत होता.

अहो : हवा कमी होती.

अगं : हवा तुमच्यातली कमी झालीय. छातीत दुखतंय का?

अहो : नाही.

अगं : पोट?

अहो : नाही गं. वाजले किती?

अगं : घड्याळ तुमच्या मनगटावर आणि वेळ विचारताय मला! आता मात्र मला खरंच काळजी वाटायला लागली.

अहो : अकरा वाजून बारा मिनिटं. अकरा चाळीसला ते हिमबिबट्याचं वळण येईल. वळणावर थांबायचं नाही. सरळ पुढं वनविभागाच्या कार्यालयात जायचं.

अगं : थांबायचं नाही? अहो, बिबटीनं बजावलंय. “आई, पाटीशेजारी बाबांना उभं कर, पोट आत घ्यायला लाव आणि फोटो पाठव.” त्या जनावरावरून पोरीचं घरातलं नाव पडलं, सव्वीस वर्षांची घोडी झाली तरी आपण तिला बिबटी म्हणतो, आणि तिला एक फोटो नको?

अहो : फोटो नको.

अगं : बरं. फोटो नको. हॉलमधलं तुमचं हिमबिबट्याचं प्रमाणपत्र महिन्यापूर्वी काच पुसायला काढलंत, ते अजून कपाटामागे तोंड लपवून उभं आहे. या प्रवासाची टूम तुम्हीच काढलीत, आणि निघाल्यापासून चेहरा असा की वरातीत नाही, मयताला चाललोय. मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत. माणूस काय बोलतो याच्याशी मला कर्तव्य नाही. तो श्वास कुठं घेतो त्यावरून मला कळतं लाइन कुठं तुटलीय. बोला.

अहो : पत्र आलंय.

अगं : कुणाचं?

अहो : इथल्या वनरक्षकांचं. दीड महिना झाला. “महोदय, सत्तावीस वर्षांपूर्वी आपण या उद्यानाच्या नोंदवहीत हिमबिबट्याची नोंद ‘प्रत्यक्ष पाहिले’ या रकान्यात केली आहे. सदर वळणावर सहा वर्षांपासून चार कॅमेरे लावले आहेत. त्यांत हिमबिबट्या अद्याप आलेला नाही. कॅमेरे तिथंच ठेवायचे की हलवायचे, हे या महिनाअखेर ठरायचं आहे. आपण समक्ष येऊन नोंद खरी असल्याची सही द्यावी, म्हणजे कॅमेरे आणखी दोन वर्षं कायम करता येतील.”

अगं : पाठ झालंय की!

अहो : रोज वाचतो.

अगं : मग द्या की सही! एवढं काय त्यात? उभ्या आयुष्यात दुसरं केलंय काय तुम्ही? गावातली वजनं, मापं, तराजू, सगळं तुमच्या शिक्क्यानं चालायचं. तुम्ही बाजारात शिरलात की दुकानदार पारडी पुसायला लागायचे. निवृत्तीच्या दिवशी तुमचे साहेब भाषणात काय म्हणाले?

अहो : ते नको आठवूस.

अगं : “ज्या डोळ्यांतून हिमबिबट्या सुटला नाही, त्या डोळ्यांतून पोकळ वजन काय सुटणार!” काय टाळ्या पडल्या! मी तर—

अहो : मी पाहिला नाही.

अगं : काय?

अहो : हिमबिबट्या. मी पाहिला नाही. गाडी रस्त्याच्या मधोमध आलीय. बाजूला घे.

अगं : घेतली. ब्रेक लावला. आता म्हणा परत.

अहो : तो तू पाहिलास. मी नाही.

अगं : म्हणजे… अजिबात नाही?

अहो : अजिबात नाही.

अगं : उडी मारताना? पळताना? निदान शेपूट?

अहो : शेपूटसुद्धा नाही. अगं, शेपूट दिसलं असतं तर एवढ्या वर्षांत एक रात्र तरी नीट झोपलो असतो. तू ओरडलीस, “अहो, थांबा थांबा, ते बघा वर, पांढरं, केवढं मांजर, लांब शेपटीचं!” मी करकचून ब्रेक दाबला. दुर्बीण पिशवीतून काढेपर्यंत वर खडक आणि बर्फ. तू गाडीमागं जाऊन ओकत होतीस. बिबटी पोटात होती, पाचवा महिना.

अगं : ते आठवतंय मला. पुढं?

अहो : पुढं फाटकावर कारकुनानं नोंदवही पुढं केली. तीन रकाने. ‘प्रत्यक्ष पाहिले’, ‘खूण पाहिली’, ‘ऐकले’. तू गाडीत डोळे मिटून पडलेली. मी म्हटलं, हिमबिबट्या. तो खुर्चीतून उठलाच. म्हणाला, “साहेब, आपण स्वतः पाहिलात? इथं आजवर कुणी पाहिलेला नाही.” आणि माझ्या तोंडून ‘हो’ गेलं.

अगं : एक ‘हो’.

अहो : एकच. मला वाटलं, तू पाहिलास म्हणजे जनावर तर खरं आहे; नाव तेवढं इकडचं तिकडं. तराजूचं एक पारडं हलकं असलं की दुकानदार त्याला खडा बांधतो ना, पासंग म्हणतात, तसलं. पण मी लोकांचे खडे सोडवत आयुष्य घालवलं आणि माझा मात्र सत्तावीस वर्षं हॉलमध्ये चौकटीत लावून ठेवला. तुझं दर्शन मी चोरलं. आज ते तुझ्या नावावर करणार. म्हणून आलोय.

अगं : म्हणजे त्या दिवशी वर… तुम्हाला काहीच… अगदीच कुणी नव्हतं!

अहो : मला दिसलं नाही. तुला दिसलं.

अगं : हो. हो, म्हणजे तेच. बरं, मी काय म्हणते, राहू द्या ना तुमच्याच नावावर. नवरा-बायकोत कसलं आलंय तुझं-माझं!

अहो : मला माहीत होतं तू असं म्हणशील. मन मोठं आहे तुझं.

अगं : मन मोठं नाही हो. घाट फार लांबचा आहे. परत फिरू या का? पहिल्या उद्यानात ते डोंगरी बकरे किती छान होते. परत बघू.

अहो : चार मैलांवर कार्यालय आहे.

अगं : मला मळमळतंय.

अहो : आल्याची गोळी घे. चल.

अगं : अहो, जुन्या नोंदी उकरून कुणाचं भलं झालंय?

अहो : अगं, तू ताशी पंधराच्या वेगानं चालवते आहेस.

अगं : घाट आहे.

अहो : सपाटी आहे.

* * *

वनरक्षकबाई : ढकला, जोरात ढकला. दाराचं लाकूड फुगलंय. या! वजनमापेसाहेब ना? पत्र मीच लिहिलं होतं. बसा. ताई, तुम्ही माझ्या खुर्चीत बसा, पाहुण्यांच्या खुर्चीचा एक पाय हलतो.

अगं : नको, मी बाहेर थांबते. गाडी उन्हात आहे.

अहो : तुझंच काम आहे, बस. बाई, नमस्कार. सही द्यायला आलेलो नाही. नोंद खोटी आहे.

वनरक्षकबाई : परत सांगा.

अहो : जनावर खरं, नोंद खोटी. मी पाहिलेलं नाही. माझ्या रकान्यात चूक आहे. मी जे लिहायला हवं होतं ते ‘ऐकले’. कारण मी हिमबिबट्याबद्दल फक्त ऐकलं. हिच्याकडून. पाहिला तो हिनं. माझं नाव काढून हिचं नाव घाला, आणि मला जी काय शिक्षा असेल ती सांगा.

वनरक्षकबाई : शिक्षेचा रकाना आमच्याकडे नाही साहेब. म्हणजे दर्शन झालं होतं. फक्त ताईंना.

अहो : बरोबर.

वनरक्षकबाई : हं. क्षणभर मला वाटलं होतं… जाऊ द्या. मग ताईंची सही लागेल. हा नवा अर्ज. ताई, जनावर किती अंतरावर होतं?

अगं : बरंच.

वनरक्षकबाई : अंदाजे?

अगं : अंदाजे… बरंच.

वनरक्षकबाई : कुठल्या दिशेला गेला?

अगं : वर. म्हणजे खाली. आधी वर गेला, मग विचार बदलला.

वनरक्षकबाई : रंग?

अगं : पांढराच. आपला… हिमाचा असतो तसा.

वनरक्षकबाई : शेपूट?

अगं : होतं ना. एक.

अहो : अगं, नीट सांग. त्या दिवशी कसं फडाफडा सांगितलंस!

वनरक्षकबाई : साहेब, तुम्ही जरा गप्प बसा. ताई, चहा घ्या. त्या वळणावर तुमच्या नोंदीआधी शून्य दर्शनं आहेत. तुमच्यानंतर अकरा. त्या अकरांतल्या सात जणांना मी याच खुर्चीत बसवून हेच प्रश्न विचारले. सगळे तुमच्यासारखेच बोलले. अंतर बरंच आणि शेपूट एक. चहा प्या आणि खरं काय ते सांगा.

अगं : ह्यांना बाहेर पाठवता येईल का?

अहो : मी का बाहेर जाऊ?

अगं : नाही, बसा. ऐका एकदाचं. बाई, मी काही पाहिलं नाही.

अहो : काय बोलतेस!

अगं : काही पाहिलं नाही, काही नव्हतंच तिथं. खडक होता. मला ओकारी येत होती. ह्यांच्या हातात स्टीअरिंग आणि डोक्यात वेळापत्रक. फाटक पाचला बंद होतं, म्हणून ह्यांनी सगळा हिशोब मांडलेला, ताशी इतके मैल, इतके थांबे, इतकी मिनिटं. मी म्हटलं, अहो, जरा थांबवा. “पुढच्या मुक्कामाला.” परत म्हटलं, गरगरतंय हो. “गोळी घे, आलंच.” तिसऱ्यांदा म्हटलं, तर ऐकूच आलं नाही, कारण तेव्हा हे मोठ्यानं वेग मोजत होते. आता सांगा, हा माणूस कशासाठी गाडी थांबवतो? जनावरासाठी. सशासाठी थांबवेल? ससे सकाळपासून नऊ झाले होते. म्हणून मी एकदम मोठं जनावर काढलं. आदल्या मुक्कामाच्या खोलीत भिंतीवर चित्र लावलेलं होतं, तेच.

अहो : चित्र?

अगं : कॅलेंडर. त्यावर पांढरा, लांब शेपटीचा बसला होता. मला तोंड उघडायला दोन सेकंद होती, बाई. त्यात मी हिमबिबट्या काढला, गाडी थांबली आणि मी उतरले. संपलं.

अहो : संपलं? सत्तावीस वर्षं! मग तू बोलली का नाहीस?

अगं : बोलणारच होते. गाडीमागून तोंड पुसत आले, आडवी झाले, डोळा लागला. जाग आली तेव्हा फाटकावर तो कारकून तुमच्यापुढं हात जोडून उभा. “वहिनी, साहेबांनी हिमबिबट्या पाहिला!” मला वाटलं, बाई गं, मी थाप मारली आणि खरोखरच निघाला!

अहो : तुला खरं वाटलं?

अगं : का वाटू नये? तुम्ही म्हणालात ना! सख्ख्या मामाच्या दुकानाचा तराजू जप्त करणारा माणूस. लग्नात माझ्या वडिलांना तोंडावर सांगितलंत की मुलगी उंचीनं तुम्ही सांगितलीत त्यापेक्षा बोटभर कमी आहे. तो माणूस म्हणतो ‘पाहिला’, तर मी कोण विचारणार! मी आपली मनात म्हणायची, देवाची करणी, माझी थापसुद्धा फुकट गेली नाही. आज घाटात तुम्ही म्हणालात ‘शेपूटसुद्धा नाही’, तेव्हा मला कळलं. म्हणजे तिथं कुणीच नव्हतं! नुसती मी आणि माझी ओकारी!

अहो : म्हणजे मी जे चोरलं…

अगं : ते नव्हतंच. आयुष्यात एकदा चोरी केलीत, आणि तीही पोकळ वजनाची!

अहो : बाई, तुम्ही हसताय?

वनरक्षकबाई : थांबा… थांबा जरा. माफ करा. पाणी… हां. साहेब, तुम्हाला माहीत नाही तुम्ही दोघांनी माझं काय केलंय.

अहो : मी लेखी माफी देतो.

वनरक्षकबाई : माफी कसली! ऐका. दर पंधरा दिवसांनी मी त्या वळणावर जाते. चार कॅमेरे, चढ उभा, आणि माझा डावा गुडघा. बॅटऱ्या बदलायच्या, फोटो काढून आणायचे, बसून बघायचे. सहा वर्षांत एकोणतीस हजार फोटो. त्यात ढग, कावळे, टोप्या उडालेले प्रवासी, आणि एकशे चव्वेचाळीस वेळा मी स्वतः, धापा टाकताना. हिमबिबट्या शून्य. वरून दर सहामाही एकच पत्र येतं, “कॅमेरे नीट लावत नाही का?”

अगं : अगं बाई!

वनरक्षकबाई : आणि उत्तरेच्या डोंगरधारेवर, ती समोर दिसते ना, काळी, तिथं मला दोनदा खडकावर ओरखडे मिळाले. गेल्या थंडीत पंजाचा ठसा, हा एवढा. फोटो आहे माझ्याकडे. तीनदा लिहिलं, कॅमेरे तिकडे हलवू द्या. उत्तर काय आलं, सांगू? “तुमची खूण दुसऱ्या रकान्यातली आहे. वळणावर पहिल्या रकान्यातली नोंद आहे, आणि तीही वजनमापे निरीक्षकाची.”

अहो : अरे देवा!

वनरक्षकबाई : ‘वजनमापे निरीक्षक’ या दोन शब्दांशी मी सहा वर्षं भांडतेय. शेवटी हट्टानं पत्र पाठवलं. म्हटलं, माणूस सही देतो का ते तरी बघू. खरं सांगते, तुम्ही येऊन सही कराल आणि माझी आणखी दोन वर्षं त्या चढावर जातील, या भीतीनं मी काल जेवले नाही. तुम्ही ‘खोटी’ म्हणालात तेव्हा वाटलं, सुटले. मग म्हणालात ‘हिनं पाहिला’, तर परत अडकले. आता मात्र सुटले. पक्की सुटले ना ताई? की अजून कुणी तिसरं होतं गाडीत?

अगं : होतं, पण ते पोटात होतं. त्यानं काही पाहिलं नाही.

अहो : आणि त्या बाकीच्या अकरा नोंदी?

वनरक्षकबाई : पहिली नोंद खरी म्हणून लोकांनी पुढच्या केल्या. त्यातल्या दोन तर दाट धुक्याच्या दिवशीच्या आहेत.

अहो : बघा! मूळचं वजन खोटं असलं की त्यावरून ओतलेली सगळी खोटी. हे मी पस्तीस वर्षं दुकानदारांना शिकवत होतो.

अगं : आणि त्यातलं मूळचं वजन घरात भिंतीवर टांगलं होतं.

अहो : बोल. आज तुझा दिवस आहे.

वनरक्षकबाई : ही मूळची वही. हे तुमचं अक्षर. काय वळण आहे हो! आता दुरुस्ती कशी करायची? खोडून टाकू?

अहो : खोडायचं नाही! खोडलेलं वाचता येत नाही. त्यावर एक आडवी रेघ, खालचं अक्षर दिसलं पाहिजे. शेजारी ‘ऐकले’ या रकान्यात बरोबरची खूण. बाजूला तारीख, माझी सही, साक्षीदाराची सही. अगं, कर सही.

अगं : साक्षीदार कशाची? ओकारीची?

अहो : कर गं.

वनरक्षकबाई : आणि दुरुस्तीचं कारण? इथं एक ओळ लिहावी लागते.

अहो : लिहा, “पत्नीची प्रकृती अस्वस्थ असल्याने वाहन थांबविण्याच्या हेतूने पत्नीने, व तदनंतर प्रतिष्ठेच्या मोहाने अधोस्वाक्षरीकाराने…”

वनरक्षकबाई : साहेब, रकाना दोन बोटं रुंद आहे.

अगं : द्या इकडे. मी सांगते. लिहा : “गाडी थांबत नव्हती.”

वनरक्षकबाई : एवढंच?

अगं : एवढंच झालं होतं.

अहो : …लिहा. बरोबर आहे.

वनरक्षकबाई : लिहिलं. वर पाठवते आजच. पुढच्या आठवड्यात कॅमेरे उत्तरेच्या धारेवर. तिकडे निदान चढ सावलीत आहे.

अगं : आणि वळणावरची पाटी काढणार?

वनरक्षकबाई : पाटीवरची बिबट्याची ओळ तेवढी पुसू. जागा राहणारच. तुमच्या नोंदीनंतर गाड्या तिथं थांबायला लागल्या, म्हणून रस्ता रुंद केला, कठडा बांधला, दोन बाक, नळ, स्वच्छतागृह. या घाटात थांबायला धड अशी ती एकच जागा आहे. गाडी लागणारी माणसं तिथं उतरून दुवा देतात.

अगं : म्हणजे झालं की माझं काम! सत्तावीस वर्षं उशिरा का होईना.

* * *

अगं : काय मग? बोला काहीतरी. परत ‘हं’ वर नका येऊ.

अहो : हलकं वाटतंय. कमरेला बांधलेला खडा कुणी सोडवावा तसं.

अगं : वही उघडलीत! काय लिहिताय?

अहो : अस्वल. पिल्लं दोन. ‘प्रत्यक्ष पाहिले.’ कोल्हा. ‘पाठ केली होती, पत्नीने पाहिला.’ तू कोल्हा पाहिलास ना? की तोही कॅलेंडरवरचा?

अगं : कोल्हा खरा. शपथ घेते.

अहो : घरी गेल्यावर त्या चौकटीच्या जागी काय लावायचं?

अगं : घड्याळ लावा. तुमचं खरं प्रेम तेच.

अहो : आणि बिबटीला काय सांगायचं?

अगं : खरं ते सांगू. खोट्या जनावराचं नाव खऱ्या पोरीला. ती हसेल आठ दिवस. आणि ती होती ना त्यात, मूळ कारण तीच!

अहो : अगं.

अगं : हं?

अहो : मी खरंच थांबलो नाही? तीनदा म्हणालीस?

अगं : तीनदा.

अहो : मला एकदाही आठवत नाही. वेग आठवतो. ताशी अठ्ठावीस होता.

अगं : मला तो आठवत नाही. चला, फिटंफाट. एक सांगू? त्या प्रवासातून परत आल्यावर बिबटी दोन महिन्यांची होताच मी पहिलं काय केलं, आठवतंय?

अहो : गाडी शिकलीस. मला वाटलं, हौस.

अगं : हौस होतीच. आपण थांबवली की थांबते, याची हौस. अहो, तोंड पाडू नका. रागानं नाही सांगत. आज पहिल्यांदाच हसू येतंय त्याचं. ते बघा, उत्तरेची धार. दिसली का? काळी, मध्ये बर्फाची रेघ.

अहो : दिसली. कुणी नाही तिथं.

अगं : असेल. आपल्याला दिसायलाच हवा असं कुठाय! ती बाई बघेल. वेळापत्रक काय म्हणतंय?

अहो : वीस मिनिटं मागे आहोत. अगं, थांबव गाडी.

अगं : का? काय दिसलं?

अहो : काही नाही. आपलं ते वळण आलं. तिथं बाक आहे, सावली आहे. थांबव.

अगं : चहा तुंबला का, जायचंय का? सांगायचं तसं.

अहो : चहा नाही. तू मघापासून पाठ चोळतेस. तीनदा.

अगं : मी तर काही म्हटलं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?

अहो : सांगितलं कुणी नाही. प्रत्यक्ष पाहिलं.

अगं : मग थांबायलाच हवं.